दोन डोळे ठेव

द्राक्षाचं एकशे बारावं झाड छाटून मी कात्री पॅन्टला पुसत होतो, तेव्हा त्सू तुरी वर आला.

त्सू म्हणजे काका. इटलीच्या त्या भागात म्हाताऱ्या माणसाला असंच म्हणतात. पहिल्या दिवशी नाव ऐकून मला हसू आलं होतं, कारण आमच्या घरी तुरीची डाळ शिजते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, डाव्या गुडघ्याने अधू. खालच्या घरापासून डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या केलेल्या वरच्या दोन टप्प्यांपर्यंत यायला त्याला पंधरा मिनिटं लागायची. मी त्याला चढताना बघत होतो. खरं सांगतो, शाबासकीची वाट बघत होतो. एकट्याने एका दिवसात काम उरकलं होतं. प्रत्येक काडीवर मोजून दोन डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, काप तिरका, डोळ्याच्या वर बोटभर जागा. आमच्या टोळीत असं काम केलं असतं तर मुकादमाने स्वतःच्या हाताने चहा दिला असता.

तो आला. आधी झाडांकडे बघितलं, मग माझ्या पायाशी पडलेल्या काड्यांच्या ढिगाकडे. काड्यांवरची पानं अजून हिरवीगार होती.

ओरडला नाही. टोपी काढली आणि खाली बसला. एरवी बसायचं म्हटलं की भिंतीला धरायचा, कण्हायचा. त्या दिवशी पाय कोणी काढून घेतल्यासारखा बसला, सरळ त्या काळ्या रेतीत.

"काय केलंस, रोई?"

"तुम्हीच सांगितलंत सकाळी," मी म्हटलं. "दोन डोळे."

त्याने ढिगातून एक काडी उचलली. तिच्यावर मोहरीएवढ्या कळ्यांचे दोन घड होते. त्याने ते अंगठ्याने नुसते चाचपले. मग काडी परत ढिगावर ठेवली, हळू, झोपलेल्या पोराला ठेवतात तशी.

काय चुकलंय ते कळलं नव्हतं. पण काहीतरी संपलंय एवढं कळलं.

मी रोहिदास भोये, सुरगाण्याचा. आमची कोकणा लोकांची टोळी दर वर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरायची. दहावीला मराठीत पास, इंग्रजीत नापास, पुढे शाळा नाही. कात्री मात्र बाराव्या वर्षापासून हातात. कलम करायला, डोळा भरायला आईने शिकवलं. खुंटाची, म्हणजे खालच्या जंगली वेलीची, काडी चिरायची, तिच्यात चांगल्या जातीचा डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची. मी भरलेले डोळे शंभरातले पंच्याण्णव लागायचे. दिंडोरीच्या एका वाइनवाल्याकडे छाटणी शिकवायला इटलीचा एक माणूस आला होता, तो माझा हात बघत तासभर मागे उभा राहिला. सहा महिन्यांनी त्याने तिकडच्या कामाचे कागद पाठवले. सहा महिने मी फोनवर इटालियन शिकलो, बांधावर बसून, बकऱ्यांशी बोलून. बावीस वर्षांचा होतो.

जागा एटनाच्या उत्तर उताराला. एटना म्हणजे जिवंत डोंगर. रोज धूर, महिन्यातून एकदा राख, अंगणात वाळत घातलेल्या चादरीवर काळी खसखस. तिथले लोक त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ती' म्हणतात. 'आज ती शांत आहे.' घरात आजारी सासू असावी तसं.

जमीन म्हणजे कोळशाचा चुरा. त्यात दगडी भिंतींचे टप्पे. तारा नाहीत, मांडव नाही, एकेक झाड स्वतःच्या खोडावर कमरेएवढं उभं. जास्त करून नेरेल्लो मास्कालेसे, मधूनमधून नेरेल्लो काप्पुच्चो. दोन्ही तिथल्याच मातीतल्या काळ्या जाती. काप्पुच्चो म्हणजे टोपडंवाला, कारण त्याची पानं घडावर टोपड्यासारखी झुकतात. हे तुरीने मला हाताने टोपडं करून दाखवलं होतं. वाइन मला आधी आवडली नाही. काळ्या द्राक्षाची असून रंगाने कोकमाच्या सरबताएवढी पातळ, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तशी आवळायची. महिन्याभराने आवडायला लागली. मग तिच्याशिवाय जेवण गिळेना.

फेब्रुवारीत आम्ही दोघांनी खालची सगळी बाग छाटली. तिथेच तो शब्द आला. तुरीने एका काडीवर बोट ठेवलं आणि मोजलं, "ऊन ओक्यो, दुए ओक्की." फोनवर शिकलो होतो, ओक्यो म्हणजे डोळा. माणसाचा डोळा. आणि इथे हा बाबा काडीवरच्या कोंबाला डोळा म्हणत होता. अगदी आमच्यासारखा. मी त्याला खुणेने सांगितलं, आम्हीपण याला डोळाच म्हणतो. तो एवढा हसला की खोकला लागला. घरी गेल्यावर बहिणीला ओरडून सांगितलं, नुंत्सिया, या पोराच्या देशातली झाडं पण बघतात.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की भाषा मला येते.

वरचे दोन टप्पे त्याने मला छाटू दिले नाहीत. तिथली जात वेगळी. तिला नावच नव्हतं. तुरीच्या आज्याने लावलेली, आसपास कोणाकडे नाही. घड लहान, मणी मिरीएवढे, सालीला शाईचा रंग. आणि मुख्य म्हणजे ती स्वतःच्या पायावर होती. हे समजून घ्यायला हवं. दीडशे वर्षांपूर्वी मुळं खाणारी एक कीड आली आणि युरोपातल्या बागा मेल्या. तेव्हापासून सगळीकडे अमेरिकेच्या जंगली वेलीचा खुंट लावतात आणि वर आपला डोळा भरतात. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर भरतो तसंच. फक्त अशा राखेच्या रेतीत त्या किडीला नीट जगता येत नाही, म्हणून तिथे कुठे कुठे जुनी झाडं स्वतःच्या मुळांवर राहिली. तिकडे मुळाला पाय म्हणतात. स्वतःच्या पायावरचं झाड म्हणजे फार मोठी इज्जत.

तुरीचं लग्न झालेलं नव्हतं. भावाचा मुलगा कार्मेलो पुढे बाग बघणार होता. त्याला वरचे दोन टप्पे मोडून एक रुंद टप्पा करायचा होता, ट्रॅक्टर जाईल असा. वाईट माणूस नव्हता. त्याचंही बरोबर होतं, दोन पिंपं वाइनसाठी कोण पाठीवर टोपल्या वाहणार. पण त्याने काकाला शब्द दिला होता. कातानियाहून द्राक्षांच्या जाती ओळखणारी बाई येईल, ती झाडं खरंच जुनी आणि स्वतःच्या पायावर आहेत असं तिने लिहून दिलं, तर हात लावणार नाही. नाही दिलं, तर काढणार. बाई मेमध्ये येणार होती. तिला पानं, शेंडे, फुलं भरपूर बघायला मिळावीत म्हणून तुरीने त्या वर्षी त्या दोन टप्प्यांवर काड्या मुद्दाम लांब सोडल्या होत्या.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला दिसत होतं एवढंच की एप्रिल संपत आला आणि दोन टप्प्यांची छाटणी बाकी आहे.

आणि एप्रिल म्हणजे काय? आमच्याकडे एप्रिल म्हणजे खरड छाटणी. झाडावर काय फुटलंय, किती हिरवं आहे, बघायचं नाही. सगळं खरडायचं, काडीला एकदोन डोळे ठेवायचे. फळाची छाटणी नंतर, ऑक्टोबरात. वर्षातून दोनदा कात्री. दहा वर्षं माझा हात एप्रिलमध्ये हेच करत आला होता. त्यांच्याकडे वर्षातून एकदाच छाटतात, हिवाळ्यात. हे मी ऐकलं होतं. हाताने ऐकलं नव्हतं.

त्या सकाळी तुरी दवाखान्यात गुडघा दाखवायला निघाला होता. गाडीत बसता बसता त्याने वर बोट केलं आणि म्हणाला, "ओक्यो आ क्वेस्ते दुए."

ओक्यो. दुए.

मी मान डोलावली. तीन वेळा.

संध्याकाळी नुंत्सियाबाईने मला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. तिच्या हातात पाव कापायची सुरी होती, ती खाली ठेवायलाही विसरली. ओक्यो म्हणजे डोळा, बरोबर. पण कोणाला सावध करायचं असलं तरी आम्ही नुसतं ओक्यो म्हणतो. तो म्हणाला, त्या दोन टप्प्यांना सांभाळ. क्वेस्ते दुए म्हणजे या दोघी, आमच्यात टप्पा बाईमाणूस. त्या दोघींवर डोळा ठेव.

मी ते मराठीत मनात म्हणून बघितलं. दोघींवर डोळा ठेव. दोन डोळे ठेव.

तिच्या हातातली सुरी मी काढून टेबलावर ठेवली.

पुढचे पाच आठवडे तुरी माझ्याशी बोलला नाही. मला काढून टाक असं कार्मेलो म्हणाला, ते मी दाराआडून ऐकलं. तुरीने उत्तर दिलं, "कात्री त्याची होती, पण तोंड माझं होतं." मी राहिलो. जेवण एकाच टेबलावर, पण तो भिंतीकडे बघायचा. माझ्या ग्लासात वाइन ओतायचा मात्र, न बघता. जेवण झालं की काठी घेऊन बाहेर पडायचा. कुठे जायचा मी विचारलं नाही. नुंत्सियाबाई म्हणायची, चर्चच्या बाकावर बसतो.

वर जायची मला हिंमत नव्हती. खालच्या बागेत गवत काढत राहायचो. आईला फोन केला की सांगायचो, मजेत आहे, बर्फ बघितला. ती विचारायची, त्यांचं काम आवडतंय का त्यांना. मी म्हणायचो, हो.

कातानियाच्या बाईने तारीख पुढे ढकलली. झाडं परत फुटू देत, मग येते. जूनची पाच तारीख ठरली.

चार तारखेला संध्याकाळी मी वर गेलो. उद्या ती काय बघणार ते मला आधी बघायचं होतं. झाडं फुटली होती. वरती, मी ठेवलेल्या डोळ्यांतून, वीतभर नवे शेंडे आले होते. पाच कोनांची पानं, खालून पांढरी लव. मला रडू येईल असं वाटलं. म्हटलं, मेली नाहीत.

मग खाली नजर गेली.

वरचं एवढं कापल्यावर मुळांचा जोर कुठूनतरी निघणारच. बुडाशी, रेतीतून फुटवे आले होते. गुडघ्याएवढे, तांबूस देठाचे. मी वाकलो आणि पान उलटं केलं.

पान लहान, गोलसर, कोन नाहीत. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चकाकणारं.

ते पान मी ओळखतो. झोपेत ओळखेन. आमच्या डॉगरिजचं नव्हतं, पण त्याच्याच भावकीतलं. खुंटाचं पान होतं. अमेरिकन पायाचं.

मी पुढच्या झाडाशी गेलो. तेच. त्याच्या पुढच्या. तेच. बोटांनी रेती उकरली, वीतभर खाली खोडाला जुनी गाठ लागली, कलमाची. दोन टप्प्यांवरचं प्रत्येक झाड पाहिलं. एकशे बारांपैकी एकशे दहांच्या बुडाशी परकं पान होतं. फक्त शेवटच्या कोपऱ्यातल्या दोन झाडांना खालूनही वरच्यासारखंच पान आलं होतं, पाच कोनांचं, लवेचं. ती दोनच स्वतःच्या पायावर.

आज्याची झाडं. शंभर वर्षांची. सगळं खोटं.

भिंतीवर किती वेळ बसलो माहीत नाही. मला वाटलं, तुरीला माहीतच नसेल. मग आठवलं, बुडाचे फुटवे काढायचं काम त्या टप्प्यांवर दर वसंतात तो एकटाच करतो. नुंत्सियाबाईच बोलली होती, गुडघा मोडला तरी ते कोणाला करू देत नाही. म्हणजे माहीत होतं. म्हणूनच सांभाळायला सांगितलं होतं. आणि यंदा तो वर आलाच नसणार, चर्चच्या बाकावर बसून राहिला. उद्या दहा वाजता ती बाई येणार, वाकणार, पान उलटं करणार. आणि हे सगळं माझ्या छाटणीमुळे बाहेर आलं होतं.

एकदा त्याचं माझ्यामुळे गेलं होतं. दुसऱ्यांदा जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

पहाटे तीनला, फोनच्या उजेडात वर गेलो. फुटवा नुसता कापला तर परत येतो, तो मुळापासून, डोळ्यासकट खरवडून काढावा लागतो. आईने शिकवलंय. एकशे दहा झाडं. कोपऱ्यातली दोन तशीच ठेवली. काढलेलं सगळं पोत्यात भरून ओढ्यात टाकलं, आणि प्रत्येक बुडाशी रेती लोटून हाताने सारखी केली. आठ वाजता खाली येऊन हात धुतले. नखांतला हिरवा डाग गेला नाही.

कातानियाची दोत्तोरेस्सा लीविया, म्हणजे डॉक्टरीणबाई, दहाला आली. मळके बूट, गळ्यात भिंग. कार्मेलो आला. आणि तुरी खोलीतून बाहेर आला तो कोट घालून. काळा, लग्नामयताचा कोट. दाढी केलेली. नुंत्सियाबाई त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून आत गेली. मला वाटलं, भीतीने.

आम्ही वर गेलो. तुरी पुढे. पहिल्या टप्प्याच्या पहिल्या झाडाशी थांबला, काठी भिंतीला टेकवली.

"बाई," तो म्हणाला, "आधी वर नका बघू. आधी इथे वाका. पाय बघा."

आणि त्याने बुडाकडे बोट दाखवलं.

तिथे काही नव्हतं. सारखी केलेली काळी रेती.

त्याचं बोट तसंच राहिलं. त्याने दुसऱ्या झाडाकडे बघितलं, मग तिसऱ्या. मग पूर्ण ओळीवरून नजर नेली, शेवटपर्यंत, आणि परत आणली. ती माझ्यावर येऊन थांबली. चेहऱ्यावर नाही. हातांवर.

मी हात खिशात घातले.

तेव्हा मला कळलं. तो चर्चच्या बाकावर बसत नव्हता. पाच आठवडे रोज जेवण झाल्यावर तो इथे येत होता. ते फुटवे त्याने बघितले होते, वाढू दिले होते. मुद्दाम. आजच्यासाठी.

"पाय बघा म्हणजे काय, काका?" कार्मेलो म्हणाला. "स्वच्छ आहे की."

तुरीने तोंड उघडलं. वारा होता, कोटाची बाही हलत होती. मला वाटलं आता बोलणार. आता बोलला तर ती विचारणार, मग फुटवे गेले कुठे, आणि कोणी काढले. पाच आठवड्यांपूर्वी कात्री कोणाच्या हातात होती हे कार्मेलोला माहीत होतं.

"हो," तुरी म्हणाला. "स्वच्छ आहे. तेच दाखवत होतो."

बाईने तासभर घेतला. शेंडे कापून पिशवीत भरले. कोपऱ्यात गेली आणि तिथून हाक मारली. त्या दोन झाडांशी गुडघ्यावर बसली होती. "खालून पण तेच पान आहे," ती म्हणाली. खूश होती. मग माझ्याकडे वळून हसली. म्हणाली, एवढं जोरात छाटल्यावर खोटा पाय असता तर तो कधीच वर आला असता, तुझ्या चुकीने मला पुरावा मिळाला.

कार्मेलोने माझ्या पाठीवर थाप मारली.

खाली जेवण मांडलेलं होतं. मी मागे राहिलो तर नुंत्सियाबाई भांड्यांजवळ उभी होती, तिने मला दंडाला धरलं. सांगितलं का त्याने, तिने विचारलं. मी मान हलवली, नाही. ती स्टुलावर बसली. मग सांगितलं. परवा रविवारी त्याने पहिल्यांदा तिला सांगितलं होतं. चोवीस वर्षांचा असताना तो जर्मनीला कारखान्यात गेला होता, चार वर्षं. घरी बाप एकटा, डोळ्यांनी गेलेला, बाकीची भावंडं बाहेरगावी. परत आला तर वरचे टप्पे काटेरी झुडपांत बुडालेले आणि झाडं मेलेली. दोन सोडून. त्याने बापाला कळू दिलं नाही. अमेरिकन खुंट आणून लावले आणि त्या दोन झाडांचे डोळे काढून एकशे दहांवर भरले. बाप वर चढू शकत नव्हता. पुढे त्या झाडांची वाइन प्यायला आणि म्हणाला, तीच आहे. तेवढं ऐकून मेला.

"मला म्हणाला, तोंडचं खोटं पन्नास वर्षं निभावलं," नुंत्सियाबाई म्हणाली. "कागदावर आलं की माझ्यामागेही राहील. उद्या सांगतो आणि सुटतो. मग कार्मेलोला जे करायचं ते करू दे." तिने एप्रनने डोळे पुसले. "मग का नाही सांगितलं?"

मी नखं मुठीत लपवली आणि पावाची टोपली उचलून बाहेर नेली.

सात वर्षं झाली. ते दोन टप्पे उभे आहेत. कार्मेलो दर सप्टेंबरात फोटो पाठवतो. बाटलीच्या कागदावर आता छापलेलं असतं, स्वतःच्या पायावरची झाडं, आणि खाली त्सू तुरीचं नाव. तो पुढच्याच वर्षी गेला.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो अंगणात बसला होता. कोट काढून खुर्चीला अडकवलेला. टेबलावर त्या वरच्या टप्प्यांची बाटली आणि दोन ग्लास. मी समोर उभा राहिलो. त्याने दोन्ही ग्लास भरले, एक माझ्याकडे सरकवला. मग माझा हात ओढून घेतला, उलटा केला आणि नखांकडे बघितलं, डोळे बारीक करून, काडी बघायचा तसं.

पाच आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"मी वर बघून आलो आत्ता," तो म्हणाला. "हात चांगला आहे तुझा, रोई. एकसुद्धा डोळा ठेवला नाहीस."